परमुलखातला बाप

इंग्लंडच्या उत्तरेला, मँचेस्टरला खेटून सॅलफर्ड नावाचे गाव आहे. गिरण्यांचे, विटांच्या एकसारख्या घरांचे. तिथे १९७१ साली जॉर्ज खान नावाचे एक पाकिस्तानी गृहस्थ तळलेली मासळी आणि बटाट्याच्या फोडी विकण्याचे दुकान चालवतात. खरे नाव जहांगीर, पण गल्लीतल्या गोऱ्यांनी सोयीसाठी जॉर्ज केलेले. बायको इंग्रज. मुलगे सहा, मुलगी एक. मुलांनी मशिदीत जावे, उर्दू शिकावे, आपण ठरवू त्या पाकिस्तानी मुलींशी लग्ने करावीत, हा बापाचा हट्ट. मुलांनी बापाचा देश नकाशाखेरीज पाहिलेला नाही. थोरला मुलगा ऐन लग्नाच्या मांडवातून पळून जातो, तेव्हापासून बापाच्या लेखी तो मेला. आणि एक लकब अशी, की बायकोने चहाचे विचारले की हे गृहस्थ पूर्ण कप कधी मागत नाहीत. अर्धा कप. दर वेळी अर्धाच.

हा जॉर्ज खान ‘ईस्ट इज ईस्ट’ या १९९९ च्या ब्रिटिश चित्रपटातला. चित्रपट इंग्लंडात तुफान चालला, तिथल्या चित्रपट अकादमीने त्याला वर्षातला उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट ठरवले, आणि जॉर्ज खान रंगवणाऱ्या नटाला उत्कृष्ट अभिनेत्याचे नामांकन मिळाले. त्या यादीत रसेल क्रो, रॅल्फ फाइन्स, जिम ब्रॉडबेंट आणि केव्हिन स्पेसी ही नावे होती. बक्षीस स्पेसीला गेले. पण या चार गोऱ्या नावांच्या मधोमध जे पाचवे नाव होते, ते अंबाल्याच्या रेल्वे रुळांवर कोळसा वेचलेल्या आणि पुण्यात नटाचे शिक्षण घेतलेल्या माणसाचे होते. त्याची पडद्यावरची पहिली ठळक भूमिका तर चक्क मराठी. ओम पुरी.

ओम पुरी म्हटले की आपल्याला ‘अर्धसत्य’मधला फौजदार अनंत वेलणकर आठवतो. थोडी तरुण मंडळी ‘हेराफेरी’तला सरदार आठवून हसतात. पण १९८२ पासून २०१७ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, हा माणूस ब्रिटिश आणि एकूणच युरोपीय पडद्यावर सातत्याने काम करीत होता, आणि तिथले त्याचे काम आपल्याकडच्या त्याच काळातल्या कामापेक्षा पुष्कळदा सरस होते, याची म्हणावी तशी दखल आपल्याकडे घेतली गेली नाही. २००४ साली ब्रिटिश सरकारने तिथल्या चित्रपट व्यवसायाच्या सेवेबद्दल त्याला ‘ओबीई’ हा सन्मान दिला. आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली आणि गेली.

आधी त्याचे आपल्याकडचे खाते तपासू. (बँकेत उभा जन्म घालवलेल्या माणसाने दुसरे काय तपासायचे!) जन्म १९५०, अंबाला. वडील टेकचंद रेल्वेत, भांडाराचे काम पाहणारे. ओम सहासात वर्षांचा असताना भांडारातल्या सिमेंटच्या चोरीचा आळ वडिलांवर आला आणि ते तुरुंगात गेले. रेल्वेचे घर सुटले. थोरल्या भावाने हमाली पत्करली, धाकट्याने चहाच्या टपरीवर कपबशा विसळल्या. पुढे पतियाळाजवळ मामाकडे शिक्षण, तेही पंजाबी माध्यमातून. १९७० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली प्रवेश मिळाला, तेव्हा सगळ्यात मोठा काच होता तो इंग्रजीचा. वर्गात इंग्रजी बोलले जायचे आणि हा मागे गप्प बसायचा. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून शाळा सोडून पळावेसे वाटत होते, त्यानेच पुढे इंग्लंडच्या पडद्यावर इंग्रजी बोलून नाव काढले. मात्र ते इंग्रजी साहेबाचे नव्हते. त्याबद्दल पुढे सांगतो.

दिल्लीनंतर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. चेहऱ्यावर देवीचे व्रण, अंगावर धड शर्ट नाही, आणि फीचे पैसे तर नाहीतच. फीपैकी दोनशे ऐंशी रुपये शेवटपर्यंत थकले ते थकलेच. तो नामवंत झाल्यावर संस्थेने बाकीची आठवण केली, तेव्हा त्याने ती फेडायचे मुद्दाम नाकारले. इन्स्टिट्यूटचे आपण देणे लागतो यात एक खोडकर मजा आहे, असे त्याचे म्हणणे. थकबाकीदारांची नाना कारणे मी ऐकली आहेत. हे कारण मात्र माझ्या टेबलावर कधी आले नाही.

त्याच पुण्यात १९७६ साली ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपट झाला. तेंडुलकरांचे नाटक डॉ. जब्बार पटेलांनी १९७२ च्या डिसेंबरात उभे केले होते आणि त्याने पुणे ढवळून निघाले होते. चित्रपट करणारी मंडळी वेगळी. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप, म्हणजे इन्स्टिट्यूटच्याच पोरांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज काढून हा चित्रपट केला. कोणा सहृदय अधिकाऱ्याने त्या कागदांवर सही केली असेल, त्याला माझा नमस्कार. नाटकातले नाना फडणवीस, डॉ. मोहन आगाशे, चित्रपटातही नानाच राहिले. घाशीराम मात्र झाला हा पंजाबी पोरगा. परमुलखातून पुण्यात आलेला, अपमान गिळलेला, आणि सत्ता हाती येताच शहरावर सूड उगवणारा उत्तरेचा ब्राह्मण. परका माणूस यजमानांच्या गावात कसा वागतो, हा ओम पुरीच्या पुढच्या साऱ्या विलायती कारकिर्दीचा विषय तिथेच सुरू झाला असे मला वाटते.

मराठीशी त्याचे नाते तेवढ्यावर थांबले नाही. १९७८ च्या नोव्हेंबरात मुंबईत पृथ्वी थिएटर उघडले ते गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळे’च्या हिंदी प्रयोगाने, त्यात नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी होते. १९८० च्या ‘आक्रोश’ची पटकथा तेंडुलकरांची. त्यातला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. नुसते डोळे. ज्या खऱ्या घटनेवरून ती कथा सुचली ती भिवंडीची, म्हणजे आमच्या उल्हासनगरहून खाडीपलीकडची. आणि १९८३ चा ‘अर्धसत्य’ तर श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ कथेवरचा, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, आणि दिग्दर्शक गोविंद निहलानी, कराचीत जन्मलेले आणि फाळणीत आईबापांबरोबर भारतात आलेले सिंधी. ‘अर्धसत्य’साठी ओम पुरीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे सर्वांना ठाऊक असते. १९८४ साली चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही याच भूमिकेसाठी तो उत्कृष्ट अभिनेता ठरला होता. युरोपने त्याला पहिल्यांदा नीट पाहिले ते एका मराठी फौजदाराच्या वेशात.

‘अर्धसत्य’मधली एक गोष्ट लक्षात ठेवा. वेलणकरला कॉलेजात पुढे शिकायचे असते. निवृत्त हवालदार असलेला बाप त्याला जबरदस्तीने पोलिसात ढकलतो. हा बाप, अमरीश पुरी, आपल्या बायकोला मारतो. मुलगा लहानपणी ते बघत उभा राहतो आणि मोठेपणी ते विसरू शकत नाही. त्या चित्रपटात ओम पुरी हा मार बघणारा मुलगा होता. सोळा वर्षांनी सॅलफर्डच्या घरात तो मारणारा बाप झाला.

आता विलायत.

सुरुवात रिचर्ड अॅटनबरोंच्या ‘गांधी’ने, १९८२ मध्ये. त्या चित्रपटात मराठी माणसे बरीच. रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा, आणि त्यासाठी ब्रिटिश अकादमीचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक, डॉ. लागू गोपाळ कृष्ण गोखले. ओम पुरीला मिळाला एक प्रसंग. कलकत्त्याच्या दंगलीतला एक हिंदू, ज्याने लहान मुलाला ठार केले आहे, उपोषणाने मरायला टेकलेल्या गांधींच्या अंगावर भाकरी फेकतो आणि मी नरकात जाणार म्हणतो. काही मिनिटांचे काम. पण तीन तासांहून मोठ्या चित्रपटातून बाहेर पडताना बेन किंग्जलेनंतर लोकांना आठवतो तो हा. मग १९८४ ची ‘द ज्वेल इन द क्राउन’ ही दूरदर्शन मालिका, त्यात डिसूझा. छोटीच भूमिका.

१९९२ मध्ये ‘सिटी ऑफ जॉय’ आला. फ्रेंच लेखक दोमिनिक लापिएरच्या पुस्तकावरचा, रोलँड जॉफेने कलकत्त्यात चित्रित केलेला. चित्रीकरणाच्या वेळी तिथे केवढा गदारोळ झाला, मोर्चे निघाले. मला स्वतःला तो चित्रपट आवडलेला नाही. कलकत्त्याच्या झोपडपट्टीच्या दुःखावर एका अमेरिकन डॉक्टराच्या मनःशांतीची कलमे कशासाठी बांधायची? पण हसारी पाल नावाचा बिहारी शेतकरी, जो दुष्काळाने गाव सोडून येतो आणि हातरिक्षा ओढता ओढता क्षयाने झिजतो, तो ओम पुरीने असा उभा केला की पॅट्रिक स्वेझीचा नायक पाहुणा वाटू लागला. रिक्षा ओढायचे तो खरोखरच शिकला होता. पाय कसे पडतात, धाप कुठे लागते, गिऱ्हाईक उतरल्यावर खांदे कसे सैल होतात, बघण्यासारखे आहे. या चित्रपटानंतर अमेरिकेतूनही थोडी बोलावणी आली. त्यात अडकून पडला नाही हे बरे झाले.

कारण त्या सुमाराला इंग्लंडात एक वेगळीच गोष्ट घडत होती. पन्नास-साठच्या दशकांत पंजाब, मीरपूर, सिल्हेट इथून हजारो माणसे इंग्लंडच्या गिरण्यांत, भट्ट्यांत, बसगाड्यांवर कामाला गेली होती. त्यांची तिथेच जन्मलेली मुले ऐंशी-नव्वदीत लिहिण्याच्या वयाला आली. हनीफ कुरेशी १९५४ चा, आयूब खान-दीन १९६१ चा. दोघांची आई इंग्रज, बाप इकडचा. ‘चॅनेल फोर’ १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्यांनी कमी खर्चाच्या चित्रपटांना पैसे द्यायला सुरुवात केली, बीबीसीही होतीच. लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पेटीत पहिली गोष्ट कोणाची असणार? बापाची. मग त्या बापाचे काम करणार कोण? इंग्लंडात वाढलेल्या आपल्या नटांचे उच्चार स्वच्छ इंग्रजी झालेले. सईद जाफरींसारखे जुने जाणते होते, पण ते पडले नवाबी वळणाचे. हवा होता असा माणूस की जो घाम गाळलेला दिसेल, जो इंग्रजी बोलताना आधी पंजाबीत विचार करतोय हे ऐकणाऱ्याला कळेल, आणि तरीही ज्याला मोठ्या पडद्यावर दीड-दोन तास पाहत राहावेसे वाटेल. असा माणूस अंधेरीत राहत होता.

‘माय सन द फनॅटिक’ हा १९९७ चा चित्रपट. कथा-पटकथा कुरेशीची, दिग्दर्शक उदयन प्रसाद. माझ्या मते ओम पुरीचे परदेशातले सर्वोत्तम काम हेच, ‘ईस्ट इज ईस्ट’ त्याच्या खाली. नायक परवेझ. उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात पंचवीस वर्षे टॅक्सी चालवतो. रात्रपाळी. गाडीत बसणारी गिऱ्हाइके कशी असतात ते रात्रीच्या टॅक्सीवाल्याने सांगावे आणि आपण ऐकावे. घरी तळघरात एक कोपरा आहे, तिथे बसून व्हिस्कीचा घोट घेत जुन्या जाझच्या तबकड्या ऐकणे एवढीच त्याची चैन. मुलगा फरीद हिशेबनिशीचे शिक्षण घेतोय, पोलीस अधिकाऱ्याच्या गोऱ्या मुलीशी त्याचे लग्न ठरते आहे. बापाला स्वर्ग दोन बोटे. आणि एक दिवस बापाच्या लक्षात येते की मुलाच्या खोलीतल्या वस्तू एकेक नाहीशा होताहेत. मुलगा विकतोय. बापाला शंका येते, व्यसन लागले की काय? व्यसन नसते. मुलगा धर्माकडे वळलेला असतो, तोही कडव्या. लाहोरहून एक मौलवी घरी मुक्कामाला येतो, परवेझची बायको स्वयंपाकघरात कोंडली जाते, आणि टेलिफोनचे बिल बाप भरतो. हा मौलवी पुढे हळूच परवेझला विचारतो की मला इंग्लंडातच राहायची काही सोय होईल का, तो प्रसंग कुरेशीच लिहू जाणे.

यात ओम पुरी करतो काय? जवळजवळ काही नाही. समोरच्याचे बोलणे ऐकतो. दिवसभराच्या जागरणाने जड झालेल्या पापण्यांनी बघतो. टॅक्सीत बसणाऱ्या वेश्येशी, बेटीनाशी, त्याचे नाते हळूहळू जमत जाते, ते पाहताना आपल्याला तो चुकतोय हेही कळते आणि त्याच्यावर रागावताही येत नाही. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, व्रणांच्या चेहऱ्याचा माणूस प्रेमकथेचा नायक होतो आणि ते हास्यास्पद वाटत नाही. आपल्याकडे असे काम त्याला त्या काळात कोणी दिले? शेवटी मुलगा जातो, बायको जाते, आणि परवेझ रिकाम्या घरात दिवे लावून एकटाच गाणे ऐकत राहतो. ब्रसेल्सच्या महोत्सवात या भूमिकेसाठी त्याला अभिनयाचे पारितोषिक मिळाले.

जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी गाड्यांत आणि बसमध्ये स्फोट झाले, ते करणारी पोरे यॉर्कशायरमध्ये वाढलेली निघाली, तेव्हा इंग्लंडात अनेकांना आठ वर्षांपूर्वीचा हा चित्रपट आठवला. कुरेशीने मूळ कथा तर १९९४ मध्येच छापली होती. सरकारला जे कळले नाही ते एका टॅक्सीवाल्या बापाच्या घरात आधी घडून गेले होते.

आता ‘ईस्ट इज ईस्ट’कडे परत येतो. आयूब खान-दीनने आधी ते नाटक म्हणून लिहिले, १९९६ मध्ये ते रंगभूमीवर आले, आणि ते बरेचसे त्याच्याच घराचे होते. डेमियन ओडॉनल या आयरिश दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट. पहिला तासभर आपण हसत असतो. मुले चर्चच्या मिरवणुकीत मिरवतात आणि बाप दिसताच बोळातून पळतात. बाप घरात नसला की सॉसेज तळतात आणि तो येतोय म्हटल्यावर वास घालवायला धावाधाव. मग जॉर्ज बायकोवर हात टाकतो, आणि हसणे घशात अडकते.

मी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये राहतो. नोकरीची साताठ वर्षे इथल्याच एका शाखेत काढली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हे गाव म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसे कल्याणजवळच्या या बॅरॅकींत उतरवली गेली. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले, पण पत्त्यातला ‘कॅम्प’ आजही सुटलेला नाही. एकेका बॅरॅकीत पडदे लावून चार-चार कुटुंबे. त्या माणसांनी भीक मागितली नाही. पापड, गोळ्या-बिस्किटे लोकलमध्ये विकली, मग हातगाडी, मग दुकान, मग दोन दुकाने. हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, तो सांगावाच. पण कर्जाच्या कागदांमागचा इतिहास थोडा वेगळा असे. जामीनदार म्हणून मुलाला घेऊन येणारा बाप मी शेकड्यांनी पाहिला. बाप बोलायचा, मुलगा सही करायचा. मुलाला विचारावे, “तुला दुकानात बसायचंय ना?” तर उत्तर बाप देणार. एकदा एका मुलाने सही करताना इतके दाबून पेन चालवले की खालचा कार्बनच फाटला.

अशाच एका बापाला मी ‘ईस्ट इज ईस्ट’ दाखवला. २००३ ची गोष्ट. आम्ही त्यांना शिकारपूरवाले काका म्हणायचो. बारा वर्षांचे असताना आगबोटीने कराचीहून आले होते. तीन मुलांपैकी एक दुबईत, एक पुण्यात, एक कल्याणला पण बोलणे बंद. सीडी त्यांच्याच घरी लावली. इंग्रजी फारसे कळत नसूनही काका हसत होते. अर्ध्या कपाच्या चहाला तर टाळी. “साई, ये तो अपना ही आदमी है!” मग मारहाणीचा प्रसंग आला. काका हलले नाहीत. आतल्या खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या, त्याही हलल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर काकांनी एकच विचारले, “और दुकान? बाद में दुकान कौन चलाएगा?”

समीक्षकांनी या चित्रपटावर पुष्कळ लिहिले आहे, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही.

जॉर्ज खानबद्दल एक आक्षेप तिथे घेतला गेला, तो टाळून पुढे जाता येणार नाही. बायकोला मारणारा, मुलांवर लग्ने लादणारा मुसलमान बाप दाखवून गोऱ्यांच्या मनातल्याच चित्रावर तुम्ही शिक्का मारता, असा. आक्षेपात तथ्य आहे. कागदावरचा जॉर्ज खान दुसऱ्या कोणाच्या हाती पडला असता तर नुसता राक्षस झाला असता, किंवा नुसता विदूषक. ओम पुरीने त्याच्या क्रौर्याला कुठेही लोणी लावलेले नाही. तो मारतो ते भयंकरच दिसते. पण त्याच्या आधीची काही क्षणांची शांतता बघा. रेडिओवर पूर्व पाकिस्तानच्या बातम्या चालू आहेत, आपला देश तिकडे फाटतोय, इथे घर फाटतेय, आणि या माणसाला दोन्हीकडे काही करता येत नाही. तो कान देऊन ऐकतो आणि मान खाली घालतो. त्या मान घालण्यात मला पुष्कळ दिसले. टेकचंद पुरी नावाचा एक तापट, चोरीच्या आळाने घर गमावलेला बापही कदाचित तिथेच बसला असेल. हा माझा तर्क. नटाने तसे कधी म्हटल्याचे माझ्या कानावर नाही.

शेवटी सगळा तमाशा झाल्यावर, मुलांनीच बापाला आवरल्यावर, जॉर्ज दुकानात जाऊन उभा राहतो. बायको येते. चहाचे विचारते. तो अर्धा कप म्हणतो. क्षमा नाही, समेट नाही. लिंडा बॅसेट ही बायकोचे काम करणारी नटी इतकी अस्सल आहे की हे दोघे पंचवीस वर्षे एका छपराखाली भांडत आले आहेत यावर विश्वास ठेवावाच लागतो.

२०१० मध्ये पुढचा भाग आला, ‘वेस्ट इज वेस्ट’. काळ १९७६ चा. जॉर्ज धाकट्या मुलाला, साजिदला घेऊन पाकिस्तानातल्या आपल्या गावी जातो. तिथे त्याची पहिली बायको आहे, जिला तो तीस वर्षांपूर्वी सोडून आलेला. हे काम आपल्या इला अरुणने केले आहे. पैसे पाठवले, माणूस पाठवला नाही, असा तिचा हिशेब. पाकिस्तानचे गाव म्हणून जे दिसते ते चित्रित झाले भारतातल्या पंजाबात. म्हणजे अंबाल्याचा हा मुलगा लाहोरकडचा होऊन घराजवळच परतला. चित्रपट पहिल्याइतका बांधीव नाही. पण ओम पुरी आणि इला अरुण समोरासमोर येतात तो भाग त्यासाठी सहन करावा.

या दोन चित्रपटांच्या मधल्या वर्षांत आपल्याकडे तो काय करीत होता? ‘मालामाल वीकली’, ‘सिंग इज किंग’ आणि तसलेच. मी नाके मुरडत नाही; घर चालवावे लागते, आणि विनोदाचे अंग त्याला उपजत होते हे ‘जाने भी दो यारो’पासून आपण पाहिले आहे. पण आपल्या चित्रसृष्टीत ‘चरित्र अभिनेता’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. नायकाचा बाप, पोलीस कमिशनर, फार तर न्यायाधीश. त्या बापाला स्वतःची गोष्ट नसते, तो मुलाच्या गोष्टीत आशीर्वाद द्यायला किंवा छातीला हात लावून कोसळायला येतो. इंग्लंडातल्या त्या दोन पोरसवदा लेखकांनी बापाला गोष्टीच्या मध्यभागी बसवले, म्हणून पन्नाशीच्या ओम पुरीला ती कामे मिळाली. आपल्याकडे असे बाप नव्हते थोडेच? उल्हासनगरात गल्लोगल्ली होते. फाळणीने उखडलेल्या सिंधी बापावर हिंदीत वा मराठीत तोलामोलाचा एक चित्रपट व्हायला हवा होता आणि तो ओम पुरीने करायला हवा होता. फाळणीवर त्याने केले ते निहलानींच्या ‘तमस’मधले नत्थूचे काम, १९८८ मध्ये दूरदर्शनवर. डुक्कर मारायला लावलेला आणि आपल्या हातून काय घडले हे कळल्यावर सैरभैर झालेला तो गरीब माणूस ज्यांनी तेव्हा पाहिला त्यांना अजून आठवत असेल. पण नत्थू सिंधी नव्हे, आणि दुकानदार तर नव्हेच.

२०१४ मध्ये ‘द हंड्रेड-फूट जर्नी’ आला. पैसा अमेरिकेचा, दिग्दर्शक लासे हालस्ट्रॉम स्वीडिश, गाव फ्रान्सच्या दक्षिणेचे. मुंबईतले खाणावळवाले मुसलमान कुटुंब, आडनाव कदम! निवडणुकीच्या दंगलीत खाणावळ जळते, आई जाते, आणि बाप मुलांना घेऊन युरोपात भटकत एका फ्रेंच गावात गाडी बंद पडते तिथेच दुकान थाटतो, तेही एका नामांकित फ्रेंच उपाहारगृहाच्या समोर. मालकीण हेलन मिरेन. चित्रपट गोडगोड आहे, रविवारी दुपारी मुलाबाळांसह बघावा असा. पण जॉर्ज खानला ओळखणाऱ्याने यातला ‘पापा’ जरूर पाहावा. हाही हट्टी, हाही दुकानाचा वेडा, हाही परमुलखात आवाज चढवणारा. फरक इतकाच की हा मुलाला जाऊ देतो. मुलगा पॅरिसला निघतो तेव्हाचा त्याचा चेहरा बघताना मला शिकारपूरवाले काका आठवले. ते तोवर गेले होते. त्यांच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे, चालवणारा उत्तर प्रदेशातला.

६ जानेवारी २०१७ च्या सकाळी अंधेरीच्या घरात ओम पुरी गेला. वय सहासष्ट. गुरिंदर चढ्ढाच्या ‘व्हाइसरॉयज हाउस’चे त्याचे काम तोवर पूर्ण झाले होते. फाळणीच्या महिन्यांतली दिल्ली. त्यात तो एक आंधळा म्हातारा आहे, इंग्रजांच्या तुरुंगात वर्षे काढलेला, आणि त्याच्या मुलीला देश आणि प्रेम यांतले एक निवडायचे आहे. पुन्हा बापच. फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला, मार्चमध्ये इंग्लंडात लागला, आणि ऑगस्टमध्ये हिंदीत ‘पार्टिशन : १९४७’ या नावाने आपल्याकडे आला. मी तो कल्याणला दुपारच्या खेळाला पाहिला. बाल्कनीत आम्ही अकरा जण होतो. पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाबरोबर आले होते. निर्वासितांच्या छावणीची दृश्ये सुरू झाली तशी आजोबा नातवाच्या कानाशी लागून सिंधीत काहीतरी सांगू लागले, आणि नातू मोबाइल खाली ठेवून ऐकत होता.